तक्रारीची नक्कल

तिच्या हनुवटीवरचे टाके निघाले, तरी तक्रारीची नक्कल हातात पडली नव्हती. नकलेशिवाय कोर्ट अर्ज घेईना, म्हणून आज ती चौथ्यांदा चौकीत आली. हवालदाराने काडीने दात कोरत रजिस्टर उघडलं.

"ताई, नक्कल तर कालच दिली. तुमचे मिस्टर सही करून घेऊन गेले."

"साहेब, तक्रार त्याच्याविरुद्धच आहे."

"नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं? माणूस भला वाटला. आम्हा सगळ्यांना चहा पाजला."

तिने रजिस्टर स्वतःकडे वळवून सही पाहिली. त्याचीच होती.

"तुमच्या हेलपाट्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. तुमच्या नव्या खोलीचा पत्ता ठाऊक नव्हता म्हणे, पण नकलेवर होताच. आज संध्याकाळी स्वतः आणून देतो म्हणाले."