घडीत गेलेली नाकं

“नाकं कुठायत?” तुर्गुनबायने विचारलं.

दालनातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. जिल्ह्याच्या या छोट्या कलासंग्रहालयाने पहिल्यांदाच प्रदर्शनाचं पुस्तक छापलं होतं. त्याला अजून शाईचा वास येत होता. टेबलावर कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचा ढीग होता, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे भरलेले होते, पण कुणी हात लावला नव्हता. सगळ्यांना आधी एकच चित्र बघायचं होतं.

त्या चित्रात शर्यत होती. एक करडा घोडा, एक तांबडा, खांद्याला खांदा लावून अंतिम रेषेवर पोचलेले. करडा तुर्गुनबायचा. तांबडा असिलबेकचा. तीस वर्षांपूर्वी त्या शर्यतीच्या पंचांमध्ये फूट पडली आणि निकाल लागलाच नाही. रेषेपाशी एक चित्रकार मात्र उभा होता. त्याने जे पाहिलं ते रंगवलं. रंग वाळतो न वाळतो तोच चित्र दूर रशियातल्या एका संग्रहालयात गेलं. पुढे चित्रकारही वारला. आता प्रदर्शन त्याच्याच चित्रांचं होतं. शर्यतीचं चित्र काही परत आलं नाही, पण पुस्तकासाठी त्याचा फोटो आला.

त्या शर्यतीआधी दोघे एका ताटात जेवत. उन्हाळ्यात कुरणावर त्यांचे तंबू शेजारी शेजारी असत. नंतर एकाचा ओढ्याच्या या बाजूला, दुसऱ्याचा त्या बाजूला. बोलणं बंद ते बंदच. तुर्गुनबाय घरी नऊ खळग्यांचा, गोट्यांनी खेळायचा पट मांडून एकटाच खेळे. एक चाल उजव्या हाताने, एक डाव्या. डावा हात जिंकला की दिवसभर धुसफुसत राही.

संग्रहालयाची प्रमुख सायकाल ही त्याचीच मुलगी. फोटो आल्यापासून तो तिच्या मागे लागला होता. “पोरी, एवढंच सांग, कोण पुढे?”

“पुस्तक आलं की बघा, बाबा,” ती म्हणे.

आता पुस्तक आलं होतं. चित्र दोन पानांवर पसरलं होतं. डाव्या पानावर घोडे, उजव्या पानावर टोप्या उडवणारी माणसं. आणि दोन्ही घोड्यांची नाकं मधल्या घडीत, शिलाईत बरोबर गडप झाली होती.

“हे कुणी छापलं?” मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे छापखान्याच्या झानिशकडे वळले. पुस्तकांचे गठ्ठे तोच गाडीतून घेऊन आला होता. त्याने तोंड उघडलं, सायकालकडे पाहिलं आणि मिटलं.

गर्दीतून असिलबेक पुढे आला. तुर्गुनबायकडे न बघता त्याने उजवं पान धरलं आणि ओढलं. घडी थोडी उघडली. तांबड्याची एक नाकपुडी दिसली, न दिसली.

“नुसता ओढतोस काय? दाबून धर!” तुर्गुनबाय खेकसला.

“तू तुझं पान सांभाळ. अंगठा काढ, माझा घोडा झाकतोयस!”

“तुझा घोडा? त्याला झाकायला अंगठा कशाला? माझ्या घोड्याची धूळ पुरे!”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. असिलबेकने कमरेचा चाकू काढला. “शिलाईच उसवतो.”

तुर्गुनबायने त्याचं मनगट धरलं. “खबरदार! माझ्या लेकीचं पहिलं पुस्तक आहे.”

मनगट त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. असिलबेकनेही ते सोडवून घेतलं नाही.

“मग खरं चित्रच जाऊन बघू,” असिलबेक म्हणाला.

“दोघं?”

“तर काय! तू एकटा गेलास तर येऊन खोटं सांगशील.”

“गवत कापून झालं की जाऊ.”

“तोवर?”

“तोवर सकाळी ये आमच्याकडे. खिडकीपाशी उजेड चांगला असतो. भिंग आहे माझ्याकडे.”

असिलबेकने चाकू म्यानात घातला. एक बोरसोक उचलून तोंडात टाकला. “आणि पट? की विकून खाल्लास?”

“आहे,” तुर्गुनबाय म्हणाला. “येताना हरायच्या तयारीने ये.”

दोघे खिडकीतल्या बाकावर बसले. पुस्तक दोघांच्या मांड्यांवर, एकेक पान एकेकाच्या. आवाज चढत होते, वाडगे रिकामे होत होते.

झानिश सायकालला कोपऱ्यात गाठून पुटपुटला, “ताई, माझ्या पोरांनी चित्र बरोबर बसवलं होतं. नाकं घडीपासून चांगली लांब होती. तुम्हीच फोन करून उजवीकडे सरकवायला लावलंत. आता अख्खं गाव मला बावळट म्हणणार!”

“तुझ्या घरी एक मेंढरू पाठवते.”

“मेंढरू द्याच. पण एक विचारू? माझं लक्ष रंगांवर होतं, नाकं कोण बघतंय! तुमचे वडील हरले होते म्हणून झाकलंत ना? मी नाही कुणाला सांगणार. बापाची लाज लेकच राखते.”

खिडकीपाशी तुर्गुनबाय काहीतरी म्हणाला. असिलबेकने त्याची टोपी काढून त्यालाच मारली, आणि दोघे खोकला येईपर्यंत हसले.

सायकालने पिशवीतून रशियाहून आलेला फोटो काढला आणि टेबलाखाली, फक्त झानिशला दिसेल असा धरला.

करड्याचं नाक चांगलं चार बोटं पुढे होतं.