गायधनीकाकांचं लॉगिन

शाल-श्रीफळ देऊन झालं. आता कंपनीच्या रिवाजाप्रमाणे साहेब सगळ्यांसमोर निवृत्त होणाऱ्याचं लॉगिन बंद करणार होते.

"दाबा साहेब, सुटू द्या एकदाचं!" गायधनीकाका हसले.

साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या पडल्या. काकांच्या हातातला नारळ खाली पडला, त्याच्यामागोमाग काकाही.

हजेरी, पगार, मेडिकल, सगळं एकाच लॉगिनला जोडायचं काम कॉम्प्युटर विभागातल्या रेवतीनं कालच साहेबांच्या हुकमावरून संपवलं होतं. ती स्क्रीन बघून किंचाळली, "साहेब, कंपनीनं बसवून दिलेला त्यांचा पेसमेकरपण बंद झालाय! लॉगिन चालू करा!"

"नोकरीत नसलेल्या माणसाचं लॉगिन चालू होत नाही," साहेब म्हणाले. मग एचआरच्या बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "एखादी जागा रिकामी आहे का?"