फोरमन कारेलची फाइल

"बाबा, तिनं थंडीबद्दल विचारलंय," सुमेधा म्हणाली. "मोरेश्वरकाकांबद्दल नाही."

"थंडी होतीच. पण थंडीनं माणूस तुरुंगात जात नाही. चुगलीनं जातो. तिला तसं सांग."

सुमेधानं लॅपटॉपकडे तोंड वळवलं आणि कारखान्यात फार थंडी असायची, एवढंच इंग्रजीत सांगितलं. पडद्यावरच्या हानानं मान डोलावून ते लिहून घेतलं.

हा चौथा बुधवार होता. सासरे, दत्तात्रय, मागच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी परदेशात मुलाकडे, सिटीवेस्टला आले होते. कोविडनं विमानं बंद झाली आणि त्याला आता वर्ष होत आलं. सुमेधाचा नवरा इंद्रनील औषधांच्या प्लांटमध्ये कामावर जायचा. सुमेधा मेडिकल डिव्हाइस कंपनीचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावरून करायची. हाना मूळची चेक. इथल्या एका विद्यापीठात ती कम्युनिस्ट काळातल्या यंत्रकारखान्यांवर संशोधन करत होती. त्या काळी तिथे काम केलेली माणसं हवीत, या तिच्या जाहिरातीला परस्पर उत्तर दिलं ते इंद्रनीलनं. बाबांचा वेळ जाईल, म्हणाला. वेळ जात होता सुमेधाचा. दर बुधवारची जेवणाची सुट्टी दुभाषेपणात संपायची, कारण लॅपटॉपमधून आलेलं इंग्रजी बाबांच्या कानात शिरत नव्हतं.

"उत्पादनाचं लक्ष्य कसं पूर्ण व्हायचं?" हानानं विचारलं.

हा प्रश्न मात्र दत्तात्रयांना आवडला. चोविसाव्या वर्षी, लग्न होऊन सहा महिने झालेले असताना, कंपनीनं त्यांना आणि मोरेश्वरला चेकोस्लोव्हाकियात लेथच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं.

"महिन्याचे पहिले वीस दिवस ओतकामच यायचं नाही," ते म्हणाले. "माणसं पत्ते खेळायची. मग शेवटचे दहा दिवस दोन-दोन पाळ्या सलग. हात तेलानं सोलून निघायचे. रंग ओला असताना लेथ पेटीत भरायचे. काहींत गिअर कमी. कागदावर मात्र एकशे चार टक्के. यंत्र पास झाल्याचा शिक्का मारायचा तो फोरमननं. आणि कारेल मारायचा नाही."

"का?"

"लेथ वाकडा असेल तर का मारेल? मला हातानं स्क्रेपिंग, म्हणजे लोखंड खरवडून सपाट करणं, त्यानं शिकवलं. स्वतःचा कोट मला दिला त्यानं. एका सोमवारी दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. परत आला नाही. त्याच्या मनातलं आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी बोललो नाही. मग राहिलं कोण?"

झालं. गाडी पुन्हा मोरेश्वरकाकांवर आली.

सुमेधाला हे तोंडपाठ होतं. मोरेश्वरला तेव्हा सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, दत्तात्रयांना नाही. तेवढ्यावरून निकाल लागला. एका गावचे, एका खोलीत राहिलेले दोघं, पण सेहेचाळीस वर्षं बोलणं नाही. सासूबाई, पद्मिनी, वारल्या तेव्हा मोरेश्वरकाका नाशिकहून आले होते. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. अजूनही दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, आणि बाबा तो वाजू देतात.

"एकदा तरी घ्या ना तो फोन," सुमेधा वैतागून म्हणाली. "दोघंही सत्तरीचे झालात. आता तर कोविड आहे."

"आधी कागद येऊ दे. हानानं कारेलची पोलिसांकडची फाइल मागवलीय. त्यात नाव निघेल, मग मीच फोन करीन आणि वाचून दाखवीन त्याला."

तर एवढ्यासाठी हे चार बुधवार. कामगारांचं जीवन वगैरे बाबांच्या गावीही नव्हतं. सुमेधानं घड्याळ पाहिलं. दोनला तिची मीटिंग होती, डाळ गॅसवर होती, आणि वर जाऊन मुलीची ऑनलाइन शाळा चालू आहे की नुसतंच कार्टून, हेही बघायचं होतं.

"हाना, फाइलचं काही कळलं का?" तिनं सरळ विचारलं. एकदाचं संपू दे.

हाना म्हणाली, "काल आली. शेवटी सांगणार होते. कारेल चार वर्षं तुरुंगात होते. सुटल्यावर वर्षभरात गेले."

सुमेधानं ते मराठीत सांगितलं. दत्तात्रयांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि नाव?" ते म्हणाले.

"खबऱ्या असा कोणी नव्हता," हाना म्हणाली. "सगळा खटला एका पत्रावर उभा आहे. पोलिसांनी टपालात उघडलेलं पत्र. त्यांनी करून घेतलेल्या भाषांतरात नावं काळी केली आहेत, पण मूळ पत्र तसंच राहिलंय. मला ती लिपी येत नाही. तुमची असावी. बघता का?"

सुमेधानं हे मराठीत सांगेपर्यंत पडद्यावर एक पिवळट कागद आला. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. किराणाच्या यादीवर रोज दिसणारं.

"पत्र मराठीत आहे?" दत्तात्रय चष्म्याविनाच खुर्चीतून अर्धवट उठले. "मग मोरेश्वरच. वाच. मोठ्यानं वाच."

सुमेधानं वाचलं, पण मनात.

'सौ. पद्मिनीस अनेक आशीर्वाद. आमचा फोरमन कारेल म्हणजे देवमाणूस. खराब लेथवर शिक्का मारत नाही आणि साहेबांचे सगळे आकडे खोटे आहेत, असं मला उघड सांगतो. हे मोकळेपणानं लिहितो आहे, काळजी करू नकोस. इथे मराठी कोणाला वाचता येतंय?'