पुढच्यानं बोलत जायचं

"बोलत चाला, ताई," मागून पुंजाजी म्हणाले.

पुष्पांजली थांबून वळली. "काय बोलू?"

"काहीबी बोला. हे अस्वलाचं रान आहे. माणूस एकदम समोर आला का ते भेते, अन् भेलं का अंगावर येते. पुढच्यानं बोलत जा लागते. मंग ते आपलं बाजूले होते."

"मग तुम्ही व्हा ना पुढं, काका. वाट तुमच्या पायाखालची."

"वाट एकच आहे. चुकाले जागा नाही." ते हसले. "नारायणरावबी पुढंच राहत. खालून माथ्यापावतर बोलनं चालू. तोंडाले आराम नाही."

पुष्पांजली त्यांच्याकडे बघतच राहिली. नारायणराव म्हणजे तिचे वडील. नांदुऱ्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलत, आणि घरात 'वाढ' आणि 'पुरे' याखेरीज फारसं काही नाही. आई गेल्यानंतर तर त्यांच्या तोंडून रुख्मिणी हे नावसुद्धा कुणी ऐकलं नाही. त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात एक दिवस दुकान बंद ठेवून ते सातपुड्यात आले, गवळणमाथा चढले आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी परतले. मग दरवर्षी तेच. तिथं आहे काय, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"डोंगर," ते म्हणाले होते.

या भाद्रपदात तेही गेले. आणि मार्गशीर्ष लागल्यावर ती पुण्याहून हा डोंगर पाहायला आली. पुंजाजी दरवर्षी बाबांबरोबर असत, एवढं तिला माहीत होतं. त्यांच्या घरी फोन केला की दर वेळी सून मनकर्णाबाईच बोलायची. "सांगतो मामंजीले," म्हणायची. सांगितलं असावं, कारण सकाळी ते काठी घेऊन गावाच्या टोकाशी उभे होते.

ती पुन्हा चालू लागली. या रानाला कधी कुऱ्हाड लागली नव्हती. सालईच्या खोडांवरून कागदासारखे पापुद्रे सुटले होते. एक बेहडा तर एवढा, की दोघांच्या कवेत मावला नसता. या सगळ्याकडे बघत बाबा बोलत जायचे?

"काय बोलायचे हो बाबा?" तिनं चालता चालता विचारलं.

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मागून फक्त काठी दगडांवर आपटत राहिली. सांगायचं नसेल, असं तिला वाटलं. बाबांचा मित्र, तो असाच असणार. तीही गप्प झाली.

"ताई, बोलून नाही राह्यल्या तुम्ही. मान हालून नाही राह्यली तुमची."

तिला हसू आलं. मग तिनं झाडांपासून सुरुवात केली. ओळखीची झाडं संपली तेव्हा पक्षी. पक्षी तिला तीनचारच ओळखता येत होते. मग ऑफिस. मग दुकान. कपाशीच्या बियाण्याचा वास, पोत्यांवर बसून आंबाडीची भाजी निवडणारी आई. इथं ती क्षणभर अडखळली. पण चढ दाट झाडीतून जात होता, आणि गप्प राहायची सोय नव्हती.

"आईच्या शेवटच्या दुखण्यात बाबा तिची वेणी घालायचे," ती म्हणाली. "दाराला आतून कडी लावून. मी एकदा खिडकीतून पाहिलं. त्यांना जमत नव्हतं. परत परत सोडायचे आणि परत घालायचे."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मागची काठी वाजायची थांबली होती. ऐकताहेत, असं तिला वाटलं, आणि झाडी विरळ होईपर्यंत ती सांगत गेली.

माथ्यावर एक सपाट खडक होता. खाली पूर्णेचं खोरं धुरकट पसरलेलं. पुंजाजींनी तिच्यासमोर बसून भाकरी सोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली. एवढं बोलून गेल्याचा तिला आता संकोच वाटत होता. पण विचारायचं ते विचारायलाच हवं होतं.

"काका, बाबा कधी आईचं नाव घ्यायचे का? एवढंच सांगा. एवढ्यासाठीच आले मी."

पुंजाजी तिच्या ओठांकडे बघत होते. सकाळपासून ते तिच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडेच बघत होते, हे तिला आत्ता दिसलं.

"मले काय मालूम, ताई?" ते म्हणाले. "विहिरीच्या कामावर सुरुंग उडला, तवाच दोन्ही कान गेले माहे. तोंडासमोर बोललं तं ओठावरून समजते. मागून नुसती मान दिसते."

भाकरीचा घास तिच्या हातातच राहिला. वाटेत आपण काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवलं.

"मग दरवर्षी तुम्हालाच का न्यायचे?"

"मीबी इचारलं होतं. म्हनलं, नारायणराव, मी ठार बहिरा मानूस. मांगून अस्वल आलं तं मले ऐकू नाही येनार. आमच्या पोराले, भागवतले नेत जा सोबत, त्याचे कान शाबूत आहेत." पुंजाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "तं म्हने, 'पुंजाजी, मंग मी बोलू कसा?'"

उतरताना ती न सांगता पुढं झाली. पहिल्या वळणावर पुंजाजींनी तिच्या हलणाऱ्या मानेकडे पाहिलं, आणि काठी आपटायचं सोडून ती खांद्यावर टाकली.