लाल चिठ्ठी

"झुडूप सपुष्प वनस्पती, पतंग कीटक. वर्ग वेगळे, पण शेवटचा रकाना दोघांचा एकच, नामशेष," म्हणत कर्णिकमॅडमनी झुडपाच्या वाळक्या फांदीला लाल चिठ्ठी डकवली. नामशेष नमुन्याला लाल चिठ्ठी, ही कॉलेजच्या संग्रहालयातली रीतच होती. दोन्ही नमुने, जिथं आता खाण होणार होती, त्या डोंगरावरचे होते.

शिपाई तुळशीरामनं पतंगाची पेटी उघडली आणि तो थबकला. "मॅडम, डांबरगोळ्यांत फुलांचा वास येतोय."

सत्तर वर्षं टाचणीला खिळलेल्या पतंगाच्या सोंडेवर त्याच झुडपाचे पिवळे पराग होते. मॅडमनी बोट लावलं. ओले होते.

"म्हणजे डोंगरावर झुडूप अजून आहे!" तुळशीराम म्हणाला. "खाण थांबवायला हवी."

"डोंगरावर काही उरलं नाही, असा अहवाल सकाळीच गेलाय, तुळशीराम. माझ्याच सहीनं."

त्यांनी बोट पदराला पुसलं, झाकण लावलं आणि काचेवर दुसरी चिठ्ठी डकवली.

चिठ्ठीमागून, आतल्या बाजूनं, काचेवर काहीतरी हळूहळू आपटू लागलं.