खोल पाण्याची मोटर

"पानी किती खोल हाय इथं?" आनंदाबाईंनी विचारले.

धरणाच्या काठावर तळेगावच्या हिरालालने डोंग्याला लावायच्या दोन मोटरी पोत्यावर मांडल्या होत्या. एक दोन हॉर्सपॉवरची, नवी, एका हाताने उचलता येईल अशी. दुसरी आठ हॉर्सपॉवरची, जुनी. तिच्यावर निळा रंग नुकताच फासलेला होता आणि टेम्पोतून उतरवायला दोन माणसे लागली होती. किंमत दोन्हींची सारखीच, आणि स्वस्त. आनंदाबाईंचे बारा एकर शेत पाण्यापलीकडे होते. रस्त्याने गेले तर मोठा वळसा.

"मधात पन्नास-साठ हात असन, काकू," हिरालाल म्हणाला.

"आमची विहीर चाळीस हात, तं तिच्यावर पाचची मोटर हाय. इथं दोनची काय करन? मोठी लाव."

हिरालालने काही सांगण्यासाठी तोंड उघडले, निळ्या मोटरीकडे पाहिले आणि मिटले. आनंदाबाईंनी तो होकार समजला. सून मंजुषा रोज मजुरांची शिदोरी घेऊन हाच डोंगा वल्हवत पलीकडे जात असे. मागून फार जड होईल, एवढेच ती हळू आवाजात म्हणाली. हलकी वस्तू आपल्या घरात येत नाही, असे उत्तर तिला मिळाले.

मोटर डोंग्याच्या मागच्या फळीवर चढली. विहिरीत मोटर सोडताना बांधतात तसा नायलॉनचा दोर तिला बांधून दुसरे टोक डोंग्याच्या मागच्या कडीत अडकवण्यास आनंदाबाईंनी मुलाला, प्रफुलला, फर्मावले. तीन गाठी मारून घेतल्या. मग मोटरीला कुंकू लावले. घरात नवे यंत्र आले की पहिल्या फेरीला घरातली वडील बाई बसे. ट्रॅक्टर आला तेव्हाही त्याच बसल्या होत्या. आपण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही, हे त्यांनी आजवर कोणाला कळू दिले नव्हते. पाण्यावरचा वेळ जितका कमी तितके बरे, म्हणूनही त्यांना मोठीच मोटर हवी होती. आनंदाबाई मोठ्या मानाने मागे, मोटरीजवळ, प्रफुलच्या शेजारी बसल्या. मंजुषा पुढच्या टोकाला बसली.

दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला मोटर सुरू झाली आणि डोंग्याचे नाक आभाळाकडे उठले. काठ मागे पडला. आनंदाबाईंनी दोन्ही कडा घट्ट धरल्या. पाणी काळपट हिरवे होते आणि कडेच्या खाली जेमतेम चार बोटे. हळू घे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. त्यांनी कडा आणखी आवळल्या. मध्यावर पोचल्यावर प्रफुललाही त्या वेगाची धास्ती वाटली असावी. त्याने मोटरीची मूठ एकदम बंद केली. डोंगा थबकला. पाठीमागून धावत येणारी त्यांचीच लाट थबकली नाही. ती मागच्या फळीवरून चढली आणि आनंदाबाईंच्या मांडीवर येऊन पडली. मोटर खोकली आणि बंद पडली.

"आत्याबाई, इकडं सरका. उभ्या नका राहू, बसल्या बसल्या या," मंजुषा पुढून म्हणाली.

कसे बसावे हे आनंदाबाईंना आजवर कोणी सांगितले नव्हते. त्या सरकल्या. मागून पाणी येतच होते. दर हेलकाव्याला ओंजळ-ओंजळ, घाई नसल्यासारखे.

"मोटर सोडा," मंजुषा नवऱ्याला म्हणाली. "मागची बाजू वर आल्याबिगर हे थांबत नाई."

प्रफुलचे हात मोटर आवळलेल्या दोन्ही स्क्रूंवर गेले आणि तिथेच राहिले. त्याने आईकडे पाहिले.

"माय?"

बेचाळीस वर्षांचा माणूस, पाणी पोटरीला लागलेले, आणि तो परवानगीची वाट पाहत होता. आपण गप्प राहिलो तर हा असाच बसून राहील, हे आनंदाबाईंना कळले. पाण्यापेक्षा त्या कळण्याने त्यांच्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

"सोड, बाबू. सोड."

निळी मोटर पाण्यात गेली आणि लगेच दोर ताणला गेला. तिच्या ओझ्याने फळी आणखी खाली दबली. प्रफुल गाठींशी झटू लागला. त्या तीनही गाठी पक्क्या होत्या. मंजुषा सासूच्या अंगावरून फळीकडे झुकली आणि डोंग्यात पडलेला गवत कापायचा विळा तिने दोरावर ओढला. एकदा. दुसऱ्यांदा.

दोर तुटला. डोंगा सावकाश सरळ झाला. मंजुषाने पाणी उपसायला डोंग्यातले घमेले नवऱ्याच्या हाती दिले आणि स्वतः वल्हे घेतले.

हिरालाल धावत आला. त्याने मोकळी फळी पाहिली, मग आनंदाबाईंचा चेहरा, आणि जागीच थांबला.

"मघाशी बोलनार होता, ते बोलून टाक," आनंदाबाई म्हणाल्या.

हिरालालने मान खाली घातली. "काकू, डोंगा पान्याच्या वरून चालते. खाली कितीही खोल असो, मोटरले त्याचं काई नाई."

"लहानी मोटर मंजुषाले दाखव. ती म्हनन तशी लाव."

आवाज नेहमीचा होता, घर हलवणारा. पण त्या उठल्या नाहीत. डोंग्याच्या कडा त्यांच्या हातून सुटत नव्हत्या. मंजुषा चिखलात गुडघे टेकून बसली आणि सासूचे एकेक बोट उलगडू लागली.