दारावरचा कॅमेरा

“हा कॅमेरा थेट माझ्या दारावर कशाला?” नव्या भाडेकरू तांडेलबाईंनी विचारलं.

“तुमच्याकडे कोण येतं-जातं ते सोसायटीला कळायला हवं,” चेअरमन गद्रे म्हणाले.

“माझ्या घरी कोण यावं, हा माझा प्रश्न आहे. काढा तो.”

गद्रे नुसते हसले. रविवारी त्यांनी आठवड्याचं चित्रण मोठ्या उत्साहात कमिटीसमोर लावलं. पडद्यावर तांडेलबाईंचं दार उघडलं आणि बोटं चाटत बाहेर आल्या गद्रेंच्या मातोश्री!

गद्रे धावत घरी गेले. “आई, अगं तिथे मासे तळतात!”

“म्हणून तर जाते. पण माझ्यावर पाळत ठेवायला तुला सांगितलं कोणी?”

गद्रे मान खाली घालून परतले. तोवर खजिनदारांनी कॅमेरा काढायचा ठराव घाईघाईने मंजूरही करून घेतला होता. मंगळवारी तेही तिथे जेवले होते, आणि ते चित्रण अजून दाखवायचं राहिलं होतं.